पांढरेमामा पडद्यावर मरतात तेव्हा

पांढरेमामांना मरायला जमत नसे. बाकीच्यांना ते कुणी शिकवत नाही, वेळ आली की आपोआप जमतं. मामांना शिकवायला मुंबईहून बसभर माणसं आली होती, कॅमेरे आले होते, एक क्रेनही आली होती. तरी जमलं नाही.

ते आमच्या शेजारच्या रो-हाउसमध्ये राहायचे. आमची कॉलनी जालना रोडवर, तेव्हाचं औरंगाबाद जिथं संपायचं तिथं. आता शहर तिथून पुढं पळत जाऊन शेंद्र्याला भिडलंय आणि आमची कॉलनी मध्यवस्तीत मोडते. मामा मूळचे फुलंब्रीकडचे, धनगराच्या घरातले. तरुणपणी मेंढरं राखली, मग ती विकून ड्रायव्हरकी शिकले आणि एका कारखान्याची स्टाफबस चालवायला लागले. धंदा बदलला, सवय बदलली नाही. शिफ्ट सुटली की बसच्या दाराशी उभं राहून प्रत्येकाच्या पाठीला हात लावत त्याला आत सोडायचे, वाड्यात मेंढरू सोडावं तसं. टाय लावलेल्या साहेबांना हे आवडत नसे. एकानं तक्रार केली तेव्हा मामा म्हणाले, "साहेब, एखादं मागं राहिलं तर लांडगा तुम्हाला इचारंल. मला मालक इचारतो."

उंची बेताची, आवाज डोंगराएवढा आणि मिशा पांढऱ्याशुभ्र, कानापर्यंत गेलेल्या. त्या मिशांमुळेच पुढचं सगळं घडलं. पण त्याआधी मामींची हाक सांगायला हवी.

मामींचं नाव कडूबाई. स्वभाव नावाला धरून नव्हता, पण जीभ होती. एका उन्हाळ्यात मामा दुपारचे जेवून, बस कॉलनीतल्या लिंबाखाली लावून मागच्या सीटवर आडवे झाले. मामी पाणी घेऊन गेल्या, बघितलं तर झोपलेले, म्हणून परत आल्या. पुन्हा गेल्या, तरी तसेच. त्यानंतर गेल्या तेव्हा मामांचे डोळे अर्धे उघडे होते आणि अंगातला सदरा घामानं भिजला होता. हृदयाचं दुखणं होतं. थोडक्यात वाचले. दवाखान्यातून घरी आले त्याच दिवशी मामींनी नियम घातला. त्यांनी हाक मारली की मामांनी जिथं असतील तिथून उत्तर द्यायचं.

"अवो, हायेत का?"

"हाये!"

एवढंच. मामा अंगणात असोत, गच्चीवर असोत, नाही तर कॉलनीच्या मीटिंगमध्ये अध्यक्षांवर ओरडत असोत, भिंतीपलीकडून हाक यायची आणि मामा वाक्य मध्येच तोडून "हाये!" म्हणायचे, मग तुटलेलं वाक्य उचलून पुढं जायचे. एकदा आंघोळीला गेले असताना उत्तर आलं नाही. मामींनी बाहेरून वरवंट्यानं कडी तोडली. आत मामा तोंडात पाण्याची चूळ धरून उभे होते. चूळ टाकून त्यांनी आधी "हाये" म्हटलं आणि मग टॉवेल मागितला.

ही सवय इतकी अंगात भिनली की एकदा गुलमंडीत कापडाच्या दुकानातून कुणी तिसरीच बाई गर्दीत आपल्या माणसाला शोधत ओरडली, "हायेत का?" आणि रस्त्यापलीकडून मामांनी खणखणीत उत्तर दिलं, "हाये!" त्या बाईचा नवरा तिच्या मागंच पिशव्या घेऊन उभा होता. त्यानं मामांकडे ज्या नजरेनं बघितलं, ती बघून आम्ही खरेदी आटोपती घेतली.

मग ती लागोपाठची दुष्काळी वर्षं आली. एकीकडे जालना रोडला नव्या इमारती उठत होत्या आणि दुसरीकडे आमच्या नळांना नुसती हवा येत होती. कॉलनीचा सगळा भार टँकरवर. मामा तोवर निवृत्त झाले होते. त्यांनी टँकरची व्यवस्था हातात घेतली. कुणी निवडलं नव्हतं, पण पाइपचं टोक एकदा त्यांच्या हातात गेल्यावर ते काढून घेण्याची कुणाची छाती नव्हती. टँकर आला की आधी त्याच्या पोटावर बोटांची पेरं आपटून कान लावायचे.

"पाऊणच हाये," मामा निकाल द्यायचे.

टँकरवाला शकील कपाळाला हात लावायचा. "मामू, पूरा भर के लाया, कसम से."

"आवाज सांगतो."

"टंकी है मामू, तबला नहीं!"

झाकण उघडलं की पाणी काठोकाठ. मामा अजिबात खजील व्हायचे नाहीत. "मग आज चुकून भरला असंल," म्हणायचे. निकाल दर वेळी चुकायचा, आणि दर वेळी ते तेवढ्याच गंभीरपणे कान लावायचे.

मी त्याच कॉलनीत कामगारांसाठी खानावळ चालवते, त्यामुळे माझे हंडे मोठे. मामांनी ते कायम शेवटी ठेवले. "तुझं धंद्याचं पाणी हाये सुनंदा, तहानेचं नाय." मी खूप भांडले. धंदा बंद पडला तर पोरं जेवणार कुठं, वगैरे मुद्दे मांडले. मामा मान हलवत ऐकत होते. तेवढ्यात हाक आली, ते "हाये!" म्हणाले आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "हां, कुठं व्हतीस तू?" मला आठवेना. भांडण तिथंच मिटलं.

अशा दिवसांत सिनेमावाले आले.

गोष्ट एका किल्लेदाराची होती. खरी की लिहिणाऱ्याच्या डोक्यातली, ते मी विचारलं नाही. किल्ल्याला वेढा पडलाय. पाणी संपलंय, दाणा संपलाय, माणसं रोज मरताहेत. शत्रू निरोपावर निरोप पाठवतोय की दार उघड, सगळ्यांना जिवंत सोडतो. आणि किल्लेदार कुणालाच मनातलं सांगत नाही, नुसता तटावर फेऱ्या मारतो. अशा गोष्टीला करपलेला मुलूख लागतो. तो आमच्याकडं मुबलक होता. फुलंब्रीच्या अलीकडं एका बोडक्या टेकडीवर त्यांनी प्लायवूडचा किल्ला उभा केला. पाणी संपलेल्या त्या किल्ल्यावर शूटिंगसाठी रोज टँकर चढत होते. त्यातला एक शकीलचाच होता, आणि तिथं कुणी पोटाला कान लावत नाही याचं त्याला फार सुख होतं.

जेवणाचं काम मला मिळालं. सैनिकांच्या कामासाठी गावोगावची माणसं गोळा करून टेकडीवर सोडायला बस हवी होती, तिच्यावर मामा. पहिल्याच सकाळी मामांनी बसच्या दाराशी उभं राहून सैनिकांच्या पाठीला हात लावत एकेकाला खाली उतरवलं. डायरेक्टर लांबून बघत होता. कोवळा मुलगा होता, डोक्यावर उलटी टोपी, अंगानं काडी. तो धावत आला.

"आजोबा, या मिशा खऱ्या आहेत?"

"ओढून बघ."

त्यानं खरंच ओढली. मामांनी त्याची टोपी सरळ केली. त्या दिवसापासून मामा रायाजी झाले. रायाजी म्हणजे किल्लेदाराचा जुना, भरवशाचा माणूस. बोलायचं काही नाही, नेहमी मालकाच्या मागं भाला घेऊन उभं राहायचं आणि शेवटी दारात मालकाच्या डोळ्यांदेखत मरायचं. रायाजी पडतो आणि किल्लेदार अखेर तोंड उघडतो, असा सगळा सिनेमा त्या एका मरणावर टेकलेला होता. पण ते काम महिन्याच्या शेवटी होतं आणि मामांनी ते घरी सांगितलं नव्हतं.

किल्लेदाराचं काम करणारा हिरो चांगला माणूस होता, पण भूमिकेत शिरण्यासाठी त्यानं उपास धरला होता. दिवसभर कुणाशी बोलायचा नाही. किल्लेदारावरचं दडपण आपल्या अंगात मुरावं म्हणून एका दगडावर बसून राहायचा. मामा मागं भाला घेऊन उभे. दोन दिवस त्यांनी हे सहन केलं. तिसऱ्या दिवशी माझ्या डब्यांतून भाकरी आणि ठेचा घेऊन गेले.

"सरकार, जेवा."

"मामा, मी रोलसाठी उपाशी आहे. किल्ल्यावर दाणा नाहीये ना."

"किल्ल्यावर नाय. सुनंदाच्या डब्यात हाये."

"नको, प्लीज."

"उपाशी माणूस इचार करत नसतो, नुसता कुढतो. तुमच्या जिवावर एवढी माणसं हायेत. खा."

त्यानं बिचाऱ्यानं घाईघाईत मोठा घास घेतला. त्याला वाटलं हिरवी चटणी आहे. तेवढ्यात शॉट तयार झाल्याची हाक आली. शत्रूचा निरोप ऐकून किल्लेदार काही न बोलता उभा राहतो, असा तो शॉट होता. हिरो उभा राहिला. चेहरा लाल, डोळे पाण्यानं भरलेले, ओठ थरथरताहेत, पण तोंडातून शब्द नाही. डायरेक्टर कॅमेऱ्यामागं हळूच पुटपुटला, "हेच! हेच दडपण मला हवं होतं." मामा भाल्याच्या आडून माझ्याकडं बघत होते. शॉट संपल्यावर म्हणाले, "उद्या लसूण जास्त टाक."

मरणाचा दिवस जवळ आला तेव्हा मामांना घरी सांगावं लागलं. मी आमटीसाठी कोथिंबीर मागायला गेले होते, म्हणून ते बोलणं मी ऐकलं.

"मरायचं हाय म्हंजी?" मामींनी विचारलं.

"खोटं गं."

"खोटं असंल. तोंड तर तुमचंच राहणार ना? मला ते तोंड परत बघायचं नाय. एकदा बघितलंय मी लिंबाखाली."

"मग तू येऊ नको तिकडं."

"मी नाय आले तर हाक कोण मारंल?"

 मामांनी मिशीला पीळ दिला. मग एकदम हळू आवाजात बोलले. त्यांचा हळू आवाज मी प्रथमच ऐकला. "अगं, सगळ्या सिनेमात मी त्याच्या मागं उभा हाये. भाला दिसतो, पागोटं दिसतं. तोंड एकदाच दिसणार हाये, ते पडल्यावर. माझा लायसनावरचा सोडून एक फोटू नाय घरात. फुलंब्रीला समद्यांना सांगून बसलोय."

 मामींनी कोथिंबीर मुळासकट उपटून माझ्या हातात दिली.

दुसऱ्या दिवशी डायरेक्टर स्वतः घरी आला. मामींनी त्याला चहा दिला, तू जेवतोस की नाही ते विचारलं आणि अटी घातल्या. त्या समोर, मामा दिसतील अशा जागी बसणार. काम झालं की मामांनी लगेच उठायचं आणि त्यांच्याशी बोलायचं. पोरानं सगळं कबूल केलं. "फक्त मामी, कॅमेरा चालू असताना आवाज नको."

"मी कशाला आवाज करते!" मामी म्हणाल्या. त्यांना ते खरंच वाटत होतं.

शॉट संध्याकाळचा होता, सूर्य मावळतीला लागल्यावरचा. मामी टेकडीवर माझ्याशेजारी एका पिंपावर बसल्या. किल्ल्याच्या दारात लढाई झाली, मामांना तलवार लागली, मामा पडले. पडून त्यांनी मान वर करून मामी ठीक आहेत ना ते बघितलं.

"कट! मामा, तुम्ही मेलाय."

पुन्हा लढाई, पुन्हा तलवार. या वेळी मामांनी पडल्या पडल्या पागोटं सारखं केलं.

"मामा! मेलेला माणूस पागोटं सारखं करत नाही!"

"सुटलं व्हतं."

पुढच्या वेळी नाक खाजवलं. त्याच्या पुढच्या वेळी शेजारी पडलेल्या सैनिकाला ते म्हणाले, "तिकडं सरक, हात दबतोय." सूर्य डोंगराला टेकायला आला. डायरेक्टरनं टोपी काढून जमिनीवर आपटली. "मामा, आता उजेड एकाच टेकचा आहे. नाही जमलं तर उद्या दुसऱ्याला रायाजी करून मारतो. पागोटं घातलं की मागून सगळे सारखेच दिसतात."

मामांचा चेहरा उतरला. मागून सगळे सारखेच दिसतात, हे त्यांना फार लागलं असावं. ते गुमान जागेवर जाऊन उभे राहिले.

या वेळी ते पडले ते खरे पडले. हात एकीकडं, पाय एकीकडं, मान कलती आणि डोळे अर्धे उघडे. मी मामींकडं बघितलं. त्यांच्या हातातला पदर गोळा झाला होता आणि ओठ हलायला लागले होते. मी व्यवहारी बाई आहे. मी पिशवीतून शेंगदाण्याचा लाडू काढला आणि अख्खा त्यांच्या तोंडात कोंबला. भरल्या तोंडानं हाक मारता येत नाही.

उपाय चांगला होता, पण मी हिरोला हिशेबात धरलं नव्हतं. तो दारात आला. रायाजीला बघितलं. त्यानं आता गुडघे टेकून बोलायला सुरुवात करायची होती. पण तो बोलेना. दडपणाखालचा किल्लेदार उभा राहिला, बघत राहिला, श्वास घेत राहिला.  कॅमेरा हळूहळू मामांच्या चेहऱ्यावर येत होता. मामींचा लाडू अर्धा झाला. हिरोनं एक गुडघा टेकला, थांबला. मामींनी घास गिळला. हिरोनं दुसरा गुडघा टेकला आणि पुन्हा थांबला. मी पिशवीत दुसरा लाडू चाचपत होते.

"अवो, हायेत का?"

"हाये!"

किल्ल्याच्या दारातल्या मेलेल्या माणसानं उजवा हातसुद्धा वर केला.

त्या क्षणी काहीही होऊ शकलं असतं. पण हिरो मुरलेला गडी. त्यानं तो वर आलेला हात हवेतच धरला, छातीशी घट्ट दाबला आणि मामांच्या पागोट्यात तोंड खुपसलं. त्याचे खांदे गदगदत होते. तो रडत होता की हसत होता ते त्याचं त्यालाच माहीत. मग तोंड वर करून तो जे बोलायचं ते सगळं बोलला, न थांबता. सूर्य बुडाला. डायरेक्टरच्या तोंडून "कट" निघालाच नाही, कॅमेरामननं आपणहून कॅमेरा बंद केला.

मामा उठून बसले आणि गुन्हेगारासारखे डायरेक्टरकडं बघू लागले. तो छोट्या पडद्यावर तेच पुन्हा पुन्हा बघत होता. शेवटी म्हणाला, "राहू दे. आवाज काढून टाकू."

परतीच्या बसमध्ये मामा मामींवर तडकले. "कबूल करून कशाला हाक मारलीस?"

"तुमी कशाला उत्तर दिलं? मेले व्हते ना?"

मामा घरापर्यंत विचार करत गाडी चालवत राहिले. 

सिनेमा लागला तेव्हा अख्खी कॉलनी गेली, फुलंब्रीहून तर जीपगाड्या भरून माणसं आली. शकील टँकर घेऊनच आला आणि थिएटरच्या दारात लावण्यावरून त्याची वॉचमनशी जुंपली. मागच्या सगळ्या प्रसंगांत भाला आणि पागोटं दिसलं. मग शेवटी मामांचा चेहरा आला, भिंतीएवढा. डोळे अर्धे उघडे. मामांच्या मिशा हलतात, ओठ हलतात, आवाज नाही, हात वर येतो आणि किल्लेदार तो छातीशी धरतो. फुलंब्रीकरांनी शिट्ट्यांनी थिएटर डोक्यावर घेतलं. एका पेपरात तर कुणी लिहिलं की तो ऐकू न येणारा शब्दच सिनेमाचा प्राण आहे.

त्यानंतर मामांना भेटेल तो विचारायचा, "मामा, मरताना काय म्हणालात?" माणूस बघून मामा उत्तर द्यायचे. शाळेतल्या पोरांना सांगायचे, "किल्ला सांभाळा." मत मागायला आलेल्या पुढाऱ्याला म्हणाले, "पाणी सोडा." मला म्हणाले होते, "सुनंदाचे हंडे शेवटी." खरं काय ते टेकडीवर होतो तेवढ्यांनाच माहीत, आणि आम्ही फोडलं नाही.

पुढं पाऊस झाला, नळ परत आले. पाइपचं टोक हातातून गेल्यावर मामा जरा ओकेबोके दिसायचे. काही वर्षांनी ते गेले, सकाळी चहाच्या आधी, खाटेवर. मामींनी हाक मारली आणि उत्तर आलं नाही, एवढंच झालं. मग मामींनी हाक मारणंच सोडलं. कॉलनीत आम्हाला बरेच दिवस काही तरी चुकल्यासारखं वाटायचं. बोलता बोलता वाक्य मध्येच थांबायचं आणि मग लक्षात यायचं.

परवा रविवारी दुपारी मामींना वरण द्यायला गेले. टीव्हीवर तोच सिनेमा लागला होता. मामी ताट मांडीवर घेऊन भाकरी मोडत होत्या. किल्लेदार तटावर येरझारा घालत होता, मागं भाला आणि पागोटं. मी निघणार होते, पण उभी राहिले. दारातली लढाई झाली, रायाजी पडला. किल्लेदार आला, बघत राहिला, एक गुडघा टेकून थांबला, मग दुसरा. मामींनी तोंडातला घास गिळला.

"अवो, हायेत का?" त्या टीव्हीकडं बघून म्हणाल्या, अगदी रोजच्या आवाजात.

पडद्यावर मिशा हलल्या, ओठ हलले, हात वर आला.

मामींनी मान हलवली आणि वरणाची वाटी पुढं ओढली. "बंद कर आता," मला म्हणाल्या. "म्होरं काय बघायचं? किल्ला पडतोच."